दमा, चोंदलेलं नाक आणि अंगदुखीची गोळी

अंगदुखीची किंवा डोकेदुखीची गोळी घेतल्यावर तास-दीड तासात नाक पाण्यासारखं गळायला लागलं, डोळे लाल झाले, चेहरा तापला आणि पाठोपाठ छाती आवळून आली, असं दमा असलेल्या कुणाला कधी झालं असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावा. धाप लागलेल्या माणसाला बोलवत नाही, आणि 'यांनी काय घेतलं होतं?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर घरच्यांनाच द्यावं लागतं.

माझं तुर्भ्यात मेडिकल आहे. जवळच एपीएमसी मार्केट, पलीकडे एमआयडीसी. दिवसभर गोण्या उचलणारे माथाडी, मसाला मार्केटात मिरची-धण्याच्या धुळीत उभे राहणारे कामगार, पाळीवरून सुटलेली मुलं-मुली, सगळे येतात. पेनकिलर मागताना नाव क्वचितच सांगतात. 'कंबरेची द्या', 'परवा दिली तीच द्या', 'दादा, जरा स्ट्राँगवाली'. मी विचारतो, दमा आहे का? पुष्कळदा उलट प्रश्न येतो, 'दम्याचा आणि कंबरेच्या गोळीचा काय संबंध?'

संबंध असतो. सगळ्यांच्या बाबतीत नसतो, पण ज्यांच्या बाबतीत असतो त्यांच्या जिवाशी येऊ शकतो. आणि आमच्या भागात तो लक्षात येणं अवघड जातं, कारण धाप लागली की पहिला संशय हवेवर जातो. रात्री कोपरखैरणे-तुर्भे पट्ट्यात केमिकलचा उग्र वास येतो, घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ असते, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. ही कारणंही खरीच आहेत, दमा त्यांनी बळावतोच. पण गोळी दुपारी चारला घेतलेली असते आणि त्रास सव्वापाचला सुरू होतो, तेव्हा मधल्या वेळेत माणूस ठाणे-बेलापूर रोडवर बसमध्ये असतो. दोष धुराला जातो आणि गोळी सुटून जाते. पुढच्या महिन्यात तीच गोळी पुन्हा घेतली जाते.

हा त्रास कुणाला होतो

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज पाहिली तर दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण ७ टक्के लोकांना ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या पेनकिलर (डॉक्टरी भाषेत 'एनएसएआयडी') सोसत नाहीत. तीव्र दमा असलेल्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक दमेकऱ्यांना या गोळ्यांनी श्वासाचा त्रास होत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. दमा आहे म्हणून प्रत्येकाने पेनकिलरला घाबरून दातदुखी, संधिवात सोसत बसावं, असं मला अजिबात वाटत नाही. कोण त्या सातांमध्ये असू शकतं, एवढं ओळखता आलं पाहिजे.

ओळखायची खूण बहुतेक वेळा नाकात सापडते. हा आजार सहसा लहानपणी नसतो. तिशी-चाळिशीच्या सुमारास, एखाद्या न हटणाऱ्या सर्दीने त्याची सुरुवात होते. सर्दी जाते असं वाटतं, पुन्हा येते. मग नाक कायमचंच चोंदलेलं राहतं आणि हळूहळू वास येईनासा होतो. तपासलं तर नाकात दोन्ही बाजूंना पॉलिप दिसतात, म्हणजे आतल्या अस्तराला सूज येऊन वाढलेले मऊ, द्राक्षासारखे कोंब. लोक म्हणतात, 'नाकात मांस वाढलंय.' ऑपरेशन करून काढले तरी काही काळाने पुन्हा वाढतात. साधारण याच वर्षांत दमा सुरू होतो. आणि मग एके दिवशी, आजवर बिनघोर घेतलेल्या गोळीने छाती भरून येते. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा थोडं जास्त दिसतं. सगळ्यांच्या बाबतीत हाच क्रम असतो असं नाही, काहींना गोळीचा झटका आधी बसतो आणि पॉलिप नंतर सापडतात.

'अहो, मी तर कॉलेजपासून हीच गोळी घेते, मला कधी काही झालं नाही,' हे वाक्य म्हणून मला काळजीत टाकतं. हा आजार मोठेपणी सुरू होतो. आजार सुरू होण्याआधी गोळी चालत होती, एवढाच त्या अनुभवाचा अर्थ. आज चालेल याची ती हमी नव्हे.

आमच्याकडे कोपरखैरण्याच्या एक ताई नाकात घालायचे थेंब वरचेवर घ्यायला यायच्या. हे थेंब सलग आठवडाभराच्या पुढे वापरले की नाक उलट जास्त चोंदायला लागतं, म्हणून त्यांना थांबवून विचारलं, 'ताई, वास येतो का तुम्हाला?' त्या म्हणाल्या, 'दोन वर्षं झाली, दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. कोविडमध्ये गेला असेल म्हणून सोडून दिलं.' दमा होता का? होता, पंप सुरू होता. आणखी विचारल्यावर कळलं, दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवशी धाप जास्त लागते. पाळीच्या सुमारास काही जणींचा दमा खरोखरच वाढतो, त्यामुळे त्यांनी आणि घरच्यांनी ते पाळीवरच घातलं होतं. पण पहिल्या दिवशी त्या पोटदुखीची गोळीही घेत होत्या, मेफेनामिक ॲसिडची. छातीच्या डॉक्टरांकडे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्यावर दोन्ही बाजूंचे पॉलिप निघाले आणि गोळीचा धागा जुळला. वासाबद्दलचा तो एक प्रश्न मी आता दम्याचा पंप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.

शरीरात नेमकं काय होतं

आपल्या पेशींच्या पडद्यात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं एक स्निग्धाम्ल साठवलेलं असतं. कुठे मार लागला, जंतू शिरले की ते मोकळं होतं आणि त्यापासून दोन वेगळ्या वाटांनी दोन प्रकारची रसायनं तयार होतात. एका वाटेवर कॉक्स नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतं आणि प्रोस्टाग्लँडिन बनतात. दुखणं, सूज, ताप यांमागे तीच असतात, पण जठराचं अस्तर राखणं, मूत्रपिंडाला रक्त पोहोचवणं अशी चांगली कामंही तीच करतात. दुसऱ्या वाटेवर लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर ल्युकोट्राईन बनवतं. ल्युकोट्राईन श्वासनळ्या आवळतात, चिकट कफ वाढवतात, नाकाच्या अस्तराला सूज आणतात. श्वासनळी आवळण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीत शिंका-खाज आणणारं रसायन, फारच दुबळं आहे.

पेनकिलर कॉक्सला अडवते. प्रोस्टाग्लँडिन घटतात, दुखणं थांबतं. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथे संपते.

मात्र प्रोस्टाग्लँडिन-ई-टू नावाचा एक प्रकार ल्युकोट्राईन बनवणाऱ्या पेशींवर सतत लगाम ठेवून असतो. नाकाच्या आणि श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल पेशी असतात, म्हणजे ॲलर्जी आणि सुजेत भाग घेणाऱ्या संरक्षक पेशी, त्यांना तो आवरून धरतो. या आजाराच्या लोकांमध्ये अस्तर मुळातच सुजलेलं असतं, इओसिनोफिलची गर्दी झालेली असते, ल्युकोट्राईन गोळी न घेताही जास्त बनत असतात आणि लगाम ठेवणारं रसायन आधीच कमी असतं. कॉक्सचे दोन प्रकार आहेत, कॉक्स-वन आणि कॉक्स-टू. जे थोडंफार उरलंय ते बनवायचं काम मुख्यतः कॉक्स-वन करतं. पेनकिलरने कॉक्स-वन अडवलं की तोही लगाम सुटतो. मास्ट पेशी एकदम रिकाम्या होतात आणि ल्युकोट्राईनचा लोंढा येतो. अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत कधीही नाक, डोळे, छाती एकामागून एक धरली जातात.

कॉक्सची वाट बंद झाल्याने सगळा कच्चा माल ल्युकोट्राईनच्या वाटेला वळतो, असंही स्पष्टीकरण ऐकायला मिळतं. ते अपुरं आहे. तसं असतं तर पेनकिलर घेणाऱ्या प्रत्येकालाच धाप लागली असती. आधीच आजारी असलेलं अस्तर आणि सुटलेला लगाम, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा झटका येत नाही.

हे नीट समजलं की बाकीची बरीच कोडी आपोआप सुटतात. शेंगदाण्याच्या किंवा पेनिसिलिनच्या ॲलर्जीत शरीराने त्या एका पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात. इथे तसं काही नसतं. म्हणून यासाठी त्वचेवर टोचून बघायची चाचणी चालत नाही आणि रक्ततपासणीतही हे ठरत नाही. आणि म्हणूनच ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही त्यांना आयबुप्रोफेनही सोसत नाही, डायक्लोफेनॅकही नाही. या औषधांची रासायनिक घडण वेगवेगळी आहे, पण काम एकच आहे, कॉक्स-वन अडवणं. 'ही नको तर दुसरी द्या' म्हणून पेनकिलर बदलून घेणाऱ्यांना झटका पुन्हा बसतो तो यामुळे. नव्या नावाची गोळी आयुष्यात पहिल्यांदा घेतली तरी बसतो.

पेनकिलरचं वावडं इतर तऱ्हांचंही असतं. काहींना अंगावर पित्त उठतं, ओठ-पापण्या सुजतात, छातीला काही होत नाही. काहींना फक्त एकाच औषधाने त्रास होतो आणि बाकीची सगळी चालतात. त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे 'पेनकिलरची ॲलर्जी' एवढंच फाइलवर लिहून भागत नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वेळाने काय झालं, हे लिहिलं पाहिजे.

टायफॉइडच्या टेस्टवाले विडाल

ॲस्पिरिन १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाली आणि १८९९ पासून विकली जाऊ लागली. काही वर्षांतच ती घेतल्यावर सूज आणि धाप आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत यायला लागल्या. दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिन या तिघांचा मेळ पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला तो १९२२ साली पॅरिसच्या फर्नांड विडाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे तेच विडाल, ज्यांच्या नावाची टायफॉइडची टेस्ट आपल्याकडे गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये होते. त्यांचा लेख फ्रेंचमध्ये होता आणि कित्येक वर्षं मागे पडून राहिला. १९६८ साली अमेरिकेत मॅक्स सॅम्टर आणि रोलँड बीअर्स यांनी अशा रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं आणि डॉक्टरांच्या तोंडी 'सॅम्टर्स ट्रायड', म्हणजे सॅम्टरचं त्रिकूट, हे नाव बसलं. केसपेपरवर तुम्हाला हे नाव किंवा 'एईआरडी' (ॲस्पिरिनने बळावणारा श्वसनाचा आजार) अशी अक्षरं दिसतील.

पण हे का होतं, ते तेव्हाही कुणाला सांगता येत नव्हतं. १९७१ साली जॉन वेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही हे दाखवलं. त्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं, स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत. मधल्या काळात, १९७५ साली, पोलंडमधल्या क्राकोव्हच्या आंद्रेय श्चेक्लिक यांनी हे धागे जुळवले. जी औषधं कॉक्स अडवतात, नेमकी तीच या रुग्णांना त्रास देतात, आणि जी अडवत नाहीत ती देत नाहीत. आज कुठली गोळी टाळायची आणि कुठली चालेल हे आपण सांगू शकतो, ते याच निरीक्षणाच्या पायावर.

पाकिटावरचं बारीक अक्षर

इथे मला सविस्तर सांगायचंय, कारण झटका बसलेल्या माणसाने घोटाळा केलेला असतो तो बहुधा इथेच. आपण ब्रँड लक्षात ठेवतो. त्रास घटकद्रव्याने होतो.

डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. हृदयविकाराच्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिली जाणारी इकोस्प्रिन म्हणजेही ॲस्पिरिन, ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची. डोस छोटा म्हणून ती निर्धोक समजू नका, काहींना तेवढीही पुरते. मात्र हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. तशी शंका असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, ते पर्याय ठरवतील.

ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं, हे कितीतरी लोकांना माहीत नसतं. ते तिला 'तापाची गोळी' म्हणूनच ओळखतात. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. झेरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफेनॅक. पाळीच्या पोटदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनामिक ॲसिड. दात काढल्यावर लिहून दिली जाणारी, पाण्यात विरघळणारी केटोरॉल-डीटी म्हणजे केटोरोलॅक, कॉक्स-वन चांगलंच जोरात अडवणारं. नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, पिरॉक्सिकॅम हेही याच गटातले. 'पी', 'प्लस', 'एसपी', 'एमआर' अशी शेपटं लागलेल्या गोळ्यांमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असतात. म्हणून पुढचं नाव न वाचता मागचं बारीक अक्षर वाचायचं. वाचता येत नसेल तर काउंटरवर विचारा. 'यात काय काय आहे?' हे विचारणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि सांगणं आमचं काम.

गोळीच नव्हे, सुईसुद्धा. दवाखान्यात 'लगेच आराम पडेल' म्हणून कमरेत जे इंजेक्शन देतात ते पुष्कळदा डायक्लोफेनॅकचं असतं. सुईने औषध झपाट्याने रक्तात जातं, त्यामुळे झटकाही झपाट्याने येतो. व्होलिनीसारख्या मलमातही डायक्लोफेनॅक असतं. चोळून ते फार कमी शोषलं जातं आणि बहुतेकांना त्रास होत नाही, पण ज्यांना आधी जोराचा झटका येऊन गेलाय त्यांनी तेही डॉक्टरांना विचारूनच लावावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत घालायच्या काही थेंबांत केटोरोलॅक असतं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगितलेलं बरं.

मग घ्यायचं काय? पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, कॅल्पोल, डोलो या नावांनी मिळणारं औषध, कॉक्स-वनला फारच थोडं अडवतं. ५०० मिलिग्रॅमचा डोस या रुग्णांपैकी बहुतेकांना सोसतो, ६५० देखील सहसा चालतो. एका वेळी १००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यावर मात्र काहींची छाती धरते, तेव्हा 'दोन गोळ्या एकदम' टाळायच्या. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब ही औषधं कॉक्स-वनला सोडून कॉक्स-टू अडवतात, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांना चालतात. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत, हृदय आणि मूत्रपिंडाचा विचार करून द्यायची, आणि पहिला डोस दवाखान्यात बसून घेतलेला चांगला. निमेसुलाइड आणि मेलॉक्सिकॅम मधली. कमी डोसात पुष्कळांना चालतात, डोस वाढला की त्रास देऊ शकतात, म्हणून ती स्वतःवर आजमावून पाहायची नाहीत.

पावसाळ्यात हा प्रश्न आणखी वाढतो. ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, जुलैपासून तापाची साथ असते. चिकनगुनियाने सांधे धरतात आणि माणूस जोरदार पेनकिलर मागतो. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक रक्तस्रावाच्या भीतीने कुणीच घेऊ नये. दमेकऱ्याला ते टाळायचं दुसरंही कारण असू शकतं. ताप कशाचा ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलवर थांबणं सगळ्यांसाठीच शहाणपणाचं.

दारूचाही इथे संबंध आहे. या आजाराच्या बहुतेक रुग्णांना थोडी दारू घेतल्यावरही नाक चोंदणं किंवा घरघर होते. लोक हे डॉक्टरांना सांगायला संकोचतात. सांगावं, निदानाला त्याची मदत होते.

झटका आला तर

गोळीनंतर नाक गळायला लागलं आणि छातीत घरघर सुरू झाली, तर 'बघू थोडा वेळ' म्हणून थांबायचं नाही. सरळ बसायचं, आडवं व्हायचं नाही. आराम देणारा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा. सर्दीची गोळी या वेळी उपयोगाची नाही, ती आवळलेली श्वासनळी उघडत नाही. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, चक्कर येत असेल किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या इस्पितळात न्यायचं. रुग्णाने स्वतः गाडी चालवत निघायचं नाही, रिक्षानेही एकट्याने नाही. सोबत गोळीचं पाकीट घ्यायचं आणि किती वाजता घेतली ते सांगायचं. इस्पितळात ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइड आणि गरज पडल्यास ॲड्रेनॅलिन देतात. बरं वाटल्यावरही काही तास थांबवून ठेवतात. त्यासाठी हट्ट करून घरी येऊ नका, त्रास उलटू शकतो.

निदान आणि उपचार

दमा, दोन्ही बाजूंचे पॉलिप आणि वेगवेगळ्या पेनकिलरने दोनदा आलेला झटका, एवढा इतिहास असेल तर डॉक्टरांना फारशी शंका उरत नाही. चित्र धूसर असेल तर इस्पितळात ॲस्पिरिन देऊन चाचणी करतात. दमा आटोक्यात असताना अगदी थोड्या डोसपासून सुरू करायचं, ठरावीक वेळाने डोस वाढवायचा, दर वेळी फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची. औषधं आणि डॉक्टर शेजारी तयार असतात. 'अर्धी गोळी घेऊन बघतो काय होतं ते' हा प्रयोग घरी करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायचीय. पेनकिलर टाळल्याने झटके टळतात, आजार जात नाही. ल्युकोट्राईन तर गोळीशिवायही बनत असतात. म्हणून दम्याचा रोजचा स्टेरॉइडचा पंप आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे बरं वाटत असतानाही चालू ठेवावा लागतो. मॉन्टेलुकास्ट ही गोळी ल्युकोट्राईनचं काम अडवते, त्यामुळे या रुग्णांना ती पुष्कळदा दिली जाते. ती घेताना झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडायला लागली, मन उदास झालं, तर डॉक्टरांना कळवायचं. ती पेनकिलरच्या झटक्यापासून पूर्ण संरक्षण देत नाही, तेव्हा 'मॉन्टेलुकास्ट चालू आहे, आता ब्रुफेन चालेल' असा हिशेब करू नका.

पॉलिप खूप वाढले तर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. नाक मोकळं होतं, काहींना वास परत येतो, दमाही सुधारतो. पण या आजारात पॉलिप पुन्हा उगवण्याची खोड असते, म्हणून ऑपरेशननंतर स्प्रे बंद केला की पैसे आणि त्रास दोन्ही वाया जाऊ शकतात. काही रुग्णांसाठी डॉक्टर वेगळाच मार्ग काढतात, खुद्द ॲस्पिरिनचा. इस्पितळात हळूहळू डोस वाढवत शरीराला तिची सवय लावतात आणि मग ती रोज घ्यायची. पॉलिप हळू वाढतात, वास सुधारतो. मात्र यात खंड चालत नाही. दोन-तीन दिवस गोळी चुकली की सवय सुटते आणि पुढच्या गोळीने झटका येऊ शकतो. पोटात अल्सर असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना हा मार्ग नाही. आणि अलीकडच्या वर्षांत मेपोलिझुमॅब, ओमालिझुमॅब, ड्युपिलुमॅब अशी जैविक इंजेक्शनं आली आहेत. गुण चांगला आहे, खर्च अजून सामान्य घराला झेपणारा नाही.

ज्यांना हे निदान झालंय त्यांनी आधार कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी, मराठीत आणि इंग्रजीत. वर 'दमा आहे, ॲस्पिरिन आणि सर्व एनएसएआयडी बंद' असं लिहावं. खाली चालणाऱ्या औषधाचं नाव आणि डोस, पंपाचं नाव, घरच्यांचा फोन. फोनमध्ये फोटो असेल तरी कागद हवाच, बेशुद्ध माणसाचा फोन उघडता येत नाही. दाताच्या डॉक्टरांना, हाडवैद्याला, जिममधल्या ट्रेनरला ती आपणहून दाखवावी, ते विचारतीलच असं नाही. आणि कुठल्याही औषधाने असा त्रास झाला तर त्याची नोंद सरकारकडे करता येते. भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर आणि घेतल्याची वेळ हाताशी असू द्या, म्हणजे पाकीट फेकू नका.